आधी थीम, मग काम

नवा लॅपटॉप घेतलात? मग लगेच कामाला जुंपून घेऊ नका. आधी थीम ठरवा. आला तसाच वॉलपेपर ठेवून एक्सेल उघडणाऱ्याला लोक फार तर कामसू म्हणतील, रसिक कुणी म्हणणार नाही.

विंडोज एक्सपीच्या वॉलपेपरवरची ती हिरवी टेकडी आठवते? चार्ल्स ओ'रिअर यांनी १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात गाडी थांबवून तो फोटो काढला. मुळात तिथं द्राक्षबाग होती. कीड लागली म्हणून वेली उपटल्या आणि गवत माजलं. जे बघून नाशिकच्या बागायतदाराच्या पोटात गोळा यावा, ते २००१ पासून आपण वर्षानुवर्षं 'किती प्रसन्न!' म्हणत पाहिलं. अर्थात, तेवढं तरी नशिबात हवं. २००९ च्या विंडोज ७ स्टार्टरमध्ये वॉलपेपर बदलायची सोयच नव्हती. स्वस्तातली आवृत्ती घेणाऱ्याला कसली आलीय आवडनिवड!

तेव्हा फोटो स्वतः काढलेलाच लावा. मी राजगडाचा लावलाय, संजीवनी माचीवरून भल्या पहाटे काढलेला. फक्त रिसायकल बिन नेमका बालेकिल्ल्यावर जाऊन बसतो. खाली ओढला तर पुन्हा चढतो. गडी मावळा असावा. यावर उपाय एकच, सगळे आयकॉन लपवा. फायली काय, सापडतील कधीतरी.

खरी साधना मात्र विंडोज सोडून लिनक्सवर. आधी कॉम्पिझ हे दिखाऊ इफेक्टांचं सॉफ्टवेअर टाकून खिडक्या जेलीसारख्या थरथरवा, डेस्कटॉपचा ठोकळा गरगर फिरवा. आठवड्याभरात ते पोरकट वाटू लागेल. मग सगळं पुसून आयथ्री हा खिडक्या नुसत्या शेजारी शेजारी मांडणारा विंडो मॅनेजर घ्या आणि साधेपणासाठी तीनशे ओळींची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाइल लिहा. तयार रंगसंचांपैकी ग्रुवबॉक्स घ्यावा की नॉर्ड, यात एक रात्र जाऊ द्या. घरचे विचारतील, 'डेडलाइन आहे' म्हणा. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, इतकं पारदर्शक ठेवा, की अक्षरं आणि मागची झाडी एकजीव व्हावीत. कमांड चुकली तरी दिसायची नाही, म्हणजे मनस्तापही नाही.

सगळं मनासारखं जमलं की ब्राउझर उघडू नका, गड झाकला जातो. स्क्रीनशॉट घ्या आणि एखाद्या जाणकार मित्राला पाठवा. मी परवा रात्री अडीचला पाठवला. सकाळी त्याचं उत्तर आलं, 'बॅटरी ४ टक्के दिसतेय. चार्जर लाव.'