आंबील प्या, पण गोळी का सोडता?

यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याच्या कोपीपुढं पंगत बसली होती. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. मावशीनं आंबिलीचं तिसरं फुलपात्र तोंडाला लावलं आणि सहज म्हणाली, "शुगरची गोळी सोडून महिना होत आला बघ. पोट कसं साफ व्हायलंय!" तिच्या लेकीनं माझ्याकडं पाहिलं. त्या सकाळी उपाशीपोटी तपासलेली शुगर 268 होती.

मावशीला ही वाट दाखवली एका मेसेजनं. लातूरपासून नांदेडपर्यंतच्या भावकीच्या ग्रुपवर तो तुम्हालाही आला असेल. मजकूर साधारण असा: "सर्व आजारांचं मूळ आतड्यात आहे, हे हिप्पोक्रेटीसनं अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलं. आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू आहेत. वाईट जिवाणू वाढले की शुगर, बीपी, संधिवात, थायरॉइड होतं. इंग्रजी गोळ्या चांगले जिवाणू मारतात. म्हणून गोळ्या बंद करा, एरंडेलानं आतडं धुऊन काढा, 21 दिवस आंबील प्या. शुगर मुळातून जाईल."

मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. जिवाणूंची वकिली करणं हा माझा पोटापाण्याचा धंदाच. मेसेज सगळा खोटा असता तर मला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण त्यात खरं बरंच आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊन बसावं लागतंय.

हिप्पोक्रेटीस या प्राचीन ग्रीक वैद्याचं आधी उरकते. त्याच्या नावावरच्या ग्रंथांत हे वाक्य सापडत नाही. आणि जिवाणू माणसाला पहिल्यांदा दिसले ते सतराव्या शतकात, लेव्हेनहूक या डच माणसाच्या भिंगातून.

दहापटीचा आकडा मात्र पुस्तकांतही होता, मीही काही वर्षं वर्गात तोच सांगितला. तो 1972 च्या एका ढोबळ अंदाजावर उभा होता. 2016 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नीट हिशेब मांडला: माणसाच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी, जिवाणू सुमारे 38 लाख कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरी. आणि या सगळ्या जिवाणूंचं वजन मिळून पाव किलोसुद्धा भरत नाही.

आता मुख्य दावा. जिवाणूंमुळं जुनाट दुखणं होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि त्याचा सगळ्यात पक्का दाखला मेसेजवाल्यांना माहीतच नाही. जठरातल्या अल्सरचं खापर पूर्वी तिखटावर आणि काळजीवर फुटायचं. आमच्याकडं तर ठेच्याचं नाव पहिलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवलं की बहुतेक अल्सरांमागं हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. कुणी ऐकेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शल स्वतःच त्या जिवाणूंचं पातेलंभर नव्हे, पण पेलाभर पाणी प्यायले, आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आता गंमत बघा. या जिवाणूवर इलाज काय? अँटिबायोटिक. मेसेज ज्यांना शिव्या घालतो त्याच इंग्रजी गोळ्या.

अल्सरच्या बाबतीत एक गुन्हेगार सापडला, त्याला मारलं की आजार बरा होतो हे दिसलं. मधुमेहात असं काही झालेलं नाही. मधुमेहींच्या आतड्यातले जिवाणू निरोगी माणसांपेक्षा वेगळे दिसतात, एवढं खरं. पण वेगळे दिसतात म्हणजे त्यांच्यामुळंच आजार झाला, असं कसं म्हणणार? आजारामुळं जिवाणू बदलले असतील. पथ्यामुळं बदलले असतील. किंवा गोळीमुळं.

गोळीमुळंच, असं काही अंशी निघालंही. 2012 मध्ये चीनमधल्या आणि 2013 मध्ये स्वीडनमधल्या अभ्यासांनी मधुमेहींच्या जिवाणूंचे नमुने मांडले, आणि दोन्ही एकमेकांशी जुळेनात. मग 2015 मध्ये डेन्मार्क, चीन आणि स्वीडनमधले मिळून 784 नमुने एकत्र तपासले गेले. तेव्हा कळलं की 'मधुमेहाची खूण' म्हणून जे मिरवलं जात होतं त्यातला मोठा भाग मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीचा परिणाम होता. आजार आणि औषध यांची सरमिसळ झाली होती. गोळी न घेणाऱ्या मधुमेहींना वेगळं काढल्यावरही थोडा फरक उरला: ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करणारे जिवाणू त्यांच्यात कमी होते. हे आम्ल आतड्याच्या पेशींचं खाद्य. तेव्हा धागा आहेच, पण तो नेमका कुठं बांधलेला आहे ते अजून शोधायलेत.

मावशीनं सोडलेली गोळी मेटफॉर्मिनच. मेसेजच्या भाषेत ती 'चांगल्या जिवाणूंची वैरीण'. 2017 मध्ये एका प्रयोगात मेटफॉर्मिन घेणाऱ्या माणसांची विष्ठा जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडली, तर त्या उंदरांची साखर पचवायची ताकद सुधारली. म्हणजे ही गोळी आपलं थोडं काम बहुधा जिवाणूंच्याच हातून करून घेते. ज्यांना आतड्यातून शुगर सुधारायची आहे त्यांनी सगळ्यात आधी जिला सोडू नये ती ही गोळी!

अँटिबायोटिकनं चांगले जिवाणू मरतात, हे मात्र शंभर टक्के मान्य. साध्या सर्दीला मेडिकलवरून 'दोन दिवसाच्या द्या' म्हणून गोळ्या आणायची आपली खोड वाईटच. जास्त अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल (पूर्वीचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल) नावाचा जिवाणू माजतो आणि जुलाब थांबत नाहीत. 2013 मध्ये नेदरलँड्समध्ये अशा रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचं द्रावण नळीनं आतड्यात दिलं. ऐकून तोंड वाकडं होतं, पण 16 पैकी 13 जण पहिल्याच वेळी बरे झाले. हाच उपाय मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लठ्ठ पुरुषांवर करून पाहिला, सडपातळ माणसांची विष्ठा वापरून. सहा आठवड्यांनी इन्सुलिनचा परिणाम सुधारलेला दिसला. अठरा आठवड्यांनी सगळं पूर्वपदावर. अख्खी वस्ती बदलूनही शुगर मुळातून गेली नाही, तिथं एरंडेल काय करणार?

एरंडेलावरून आठवलं. आतडं म्हणजे खरकटं भांडं नव्हे. कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीनं तपासायच्या, आधी आतडं पार रिकामं करतात, तरी बहुतेकांचे जिवाणू काही आठवड्यांत पुन्हा होते तसे होतात. धुण्यानं हाती लागतं ते जुलाब. आमच्याकडं मे महिन्यात पारा 42 वर असतो, टँकरच्या पाण्याचा हिशेब चाललेला असतो, त्यात बीपीच्या गोळ्या घेणारी म्हातारी माणसं अंगातलं पाणी आणि क्षार घालवून बसली की मूत्रपिंडावर येतं.

राहिली आंबील. तिच्याविरुद्ध माझा एक शब्द नाही. ज्वारीत तंतू असतात, आणि आतड्यातले जिवाणू ते आंबवूनच ब्युटिरेट करतात. आंबवलेल्या पदार्थांवर 2021 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास आला. 36 निरोगी माणसं, निम्म्यांना दही-केफिरसारखे आंबवलेले पदार्थ, निम्म्यांना तंतूंचा भरपूर आहार. आंबवलेलं खाणाऱ्यांत जिवाणूंचे प्रकार वाढले, सूज दाखवणारे काही घटक उतरले. छानच. पण ती माणसं निरोगी होती. कुणाचा मधुमेह बरा झाला, असं त्या अभ्यासात काहीही नाही. शिवाय आंबील चुलीवर शिजली की पिठातले जिवाणू मेले. जिवंत उरतात ते नंतर घातलेल्या ताकातले, आणि तेही बहुतेक वाटसरूच, आतड्यात बिऱ्हाड करत नाहीत.

21 दिवसांचा आकडा कुठून आला कोण जाणे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी लाल पेशींवर चालते, आणि लाल पेशी जगते सुमारे 120 दिवस. 21 दिवसांत 'मुळातून गेली' हे कुणी कशावर मोजलं?

मावशीला यातलं निम्मंच सांगितलं. मेटफॉर्मिनचा भाग ऐकून ती म्हणाली, "मग गोळी बी जिवाणूलाच धरून हाय म्हण की." डॉक्टरांनी तपासून गोळी परत सुरू केली, डोस थोडा बदलून. आंबील चालू आहे. फुलपात्र तेवढं लहान केलंय, कारण ज्वारीचं पीठ झालं तरी पोटात गेल्यावर त्याची साखरच होते.