आमच्याकडं साक्षच नाही हो!

चर्चच्या मंडळीत एखादा माणूस चार ओळी बऱ्या लिहितो हे पाळकसाहेबांच्या ध्यानात आलं की तो माणूस संपला. नाताळची नाटिका त्यानंच लिहायची, दफनविधीला जीवनपट त्यानंच वाचायचा. जालन्याला नवोदित ख्रिस्ती लेखकांचं एकदिवसीय शिबिर आहे कळल्यावर साहेबांनी परस्पर माझं नाव देऊन टाकलं, फी तेवढी परस्पर भरली नाही.

रविवारी उपासना असते म्हणून शिबिर शनिवारी, अन् महिना एप्रिल. वर पत्रे, खाली आम्ही. नऊची वेळ होती पण आधी सलाम, मग चहा, मग सुरुवातीची प्रार्थना, अन् प्रार्थना करणाऱ्या काकांनी जगातले सगळे लेखक, छापखानेवाले अन् कागदाचे भाव असं एकेक प्रभूच्या हाती सोपवत साडेदहा वाजवले. नोंदणीला बिल्ला मिळाला, त्यावर नावाखाली 'लेखनप्रकार' लिहायचा होता. बघतो तर जो तो 'साक्ष', म्हणजे प्रभू आपल्याला कसा भेटला त्याची गोष्ट, असं लिहू लागलेला. मी लिहिलं, 'किरकोळ'.

पहिलं सत्र इतिहासाचं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 चं, ज्ञानोदय हे नियतकालिक अहमदनगरला 1842 ला सुरू झालं, बाबा पदमनजींची यमुनापर्यटन ही कादंबरी 1857 ची, अन् 2020 ला आपल्या धाराशिवला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण, तर फादर दिब्रिटो. "या सगळ्यांचे वारस तुम्ही!" असं वक्ते म्हणले तेव्हा आमच्या रांगेतल्या मावशींनी मला हळूच विचारलं, "भाऊ, ह्यातले किती जण जेवायला थांबणारेत?"

खरी परीक्षा दुसऱ्या सत्रात. गोल करून बसायचं अन् आपली साक्ष तीन मिनिटात सांगायची, पुस्तकाचं बी तिच्यातच असतं म्हणे. पहिले ब्रदर उठले, ते अठरा वर्षं दारूत होते, घर विकलं, विहिरीत उडी मारली, विहिरीला पाणीच नव्हतं (मराठवाडा!), पाय मोडला अन् प्रभू भेटला. टाळ्या. दुसऱ्या ताईंना डॉक्टरनी परत पाठवलेलं, त्या धडधाकट समोर उभ्या. तिसरा पोरगा जेलातून सुटलेला, वय बावीस, काय त्याचा तो रुबाब! माझी धडधड वाढत चालली. कारण आमच्याकडं आहे काय? पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, तेव्हापासून आम्ही पिढ्यान्पिढ्या रविवारी तिसऱ्या बाकावर. दारू नाही, तंबाखू नाही, मोठं दुखणं म्हणाल तर मूळव्याध, अन् ती गेली तेही ऑपरेशननं, चमत्कार कुठला. माझी पाळी आली तेव्हा म्हणलं, "मी लहानपणापासून विश्वासातच आहे." गोलात एकदम शांतता. जेलवाला पोरगा लई मायेनं म्हणला, "असू द्या दादा, अजून वय आहे तुमचं."

मला मात्र राहून राहून लक्ष्मीबाई टिळक आठवत होत्या. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, यांचा बाप्तिस्मा 1895 चा, घरादारावर आभाळ कोसळलेलं, पण बाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे उघडून बघा, त्यात आपल्याला काय आठवतं? बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुवून घेणारे त्यांचे सोवळे वडील! मिठाला पाणी लावलं की राहतं काय, हे लिहायला विहिरीत उडी मारावी लागत नाही, डोळे उघडे ठेवावे लागतात. पण हे तिथं बोलणार कोणाजवळ, समोर मोडक्या पायाचं प्लास्टर फोटोत फिरत होतं.

दुपारी मटणाचा रस्सा इतका झणझणीत होता की नंतरच्या 'प्रकाशन व्यवसाय' सत्रात निम्मे वारस पेंगले. तेवढ्यात लाईट गेली. वक्ते अंधारात सांगत होते की मजकूर युनिकोडमध्येच पाठवा, जुन्या फॉन्टमध्ये पाठवला की आमच्याकडं नुसती चिन्हं उघडतात. "देवानं मला लिहायला सांगितलंय" असं पत्रात लिहू नका, तो निरोप आम्हालाही यायला पाहिजे ना. रॉयल्टी? प्रती आपणच विकत घ्यायच्या अन् आपणच मंडळीच्या दारात विकायच्या. "मग लेकराचं लग्न काढलेलं काय वाईट," मावशी म्हणल्या.

शेवटी संपादकांशी एकेकट्यानं दहा मिनिटं भेट. मी नाताळच्या नाटिकेवर लिहिलेली चार पानं दिली, त्यातला एक मेंढपाळ ऐन स्टेजवर मोबाईल उचलतो अन् "नंतर कर, मी बेथलेहेमात आहे" म्हणतो, तिथं संपादक खुदकन हसले. हसले ते हसले, वर उठून सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाले, "हे बघा, तुम्हा सगळ्यांकडं साक्ष आहे पण लिहिता येत नाही, ह्यांना लिहिता येतं पण साक्ष नाही."

झालं. समारोपाची प्रार्थना संपायच्या आत मला घेरलं. ताईंनी दवाखान्याची अख्खी फाईल माझ्या पिशवीत कोंबली, जेलवाल्यानं नंबर घेतला. विहीरवाले ब्रदर तर अंबडच्या गाडीत थेट माझ्या शेजारीच येऊन बसले अन् जालना स्टँडवर जन्मापासून सुरू झाले. मानधनाचं विचारलं तर वर बोट केलं. मधे मी दोनदा डुलकी काढली, त्यांनी माझा दंड हलवून "हे घ्या लिहून" म्हणत जागं केलं. अंबड आलं तेव्हा गडी नुकताच चौथीत गेला होता, दारूला अजून चौदा वर्षं बाकी होती.