लाखोरीला जो न्याय लावला, तोच गुळवेलीला लावा

पारंपरिक अन्नावर प्रयोगशाळेत काय संशोधन झालं, असं कुणी विचारलं तर आपण झाडीपट्टीच्या लोकांनी सगळ्यात आधी लाखोरीच्या डाळीचं नाव घ्यायला हवं. हळदीचं किंवा आवळ्याचं नंतर. कारण आपल्या ताटातल्या दुसऱ्या कुठल्याच पदार्थाची इतकी कसून उलटतपासणी झालेली मला माहीत नाही.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात धान बांधीत उभं असतानाच, कापणीला पंधरा-वीस दिवस असताना, ओल्या मातीत लाखोरीचं बी फेकतात. ना नांगरणी, ना खत, ना वेगळं पाणी. धान निघालं की खालून लाखोरी हिरवीगार दिसायला लागते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचं वरण आणि वडे होतात, कुटार जनावरांना जातं. शंभर ग्रॅम डाळीत प्रथिनं २८ ग्रॅमच्या आसपास, तुरीच्या डाळीत २२. ज्याच्याकडे ओलिताची सोय नाही, त्याचं दुसरं पीक म्हणजे हेच.

आणि याच डाळीच्या विक्रीवर १९६१ मध्ये बंदी आली. कारण खरं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. मध्य प्रदेशात रीवा-सतना भागात मजुरांना मजुरीच्या बदल्यात हीच डाळ मिळायची आणि दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्याशिवाय पोटात काही जात नसे. अशांचे पाय गेले. दोन्ही पाय ताठर होतात, माणूस काठी टेकत, पाय ओढत चालतो आणि ते पाय पुन्हा सरळ होत नाहीत. डोकं शाबूत, हात शाबूत, फक्त उभं राहण्याची ताकद गेलेली. यात तरुण, कष्ट करणारे पुरुष जास्त. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात.

आता तारखांकडे बघा. बंदी १९६१ची आणि डाळीतला दोषी रेणू सापडला १९६४ मध्ये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सर्मा यांनी तो वेगळा काढला. त्याचं लांबलचक नाव आखडून ओडॅप म्हणतात. कोंबडीच्या लहान पिलांना तो टोचला की त्यांना आचके यायचे, माना वाकड्या व्हायच्या. पण पूर्ण वाढलेल्या उंदरांवर तसा परिणाम सहजासहजी दिसेना. शास्त्रज्ञ इथेच थांबले असते तर दोन टोकांचे दोन निष्कर्ष निघाले असते: पिलांकडे पाहून "जहर आहे", उंदरांकडे पाहून "काही होत नाही". दोन्ही अर्धवट.

ते थांबले नाहीत, म्हणून मला हे काम मोठं वाटतं. ग्लुटामेट हे मेंदूतल्या पेशींना उत्तेजित करणारं रसायन; ओडॅप त्याच्या जागा बळकावून पेशींना अति उत्तेजित करतो, हे कळलं. तो पाण्यात विरघळतो, म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं की बराच निघून जातो, हे कळलं. जेवणात भात-ज्वारी पुरेशी असेल तर धोका खूप कमी आणि लाखोरीच मुख्य अन्न होऊन दोन-तीन महिने गेले तर धोका मोठा, हेही कळलं. जमिनीत जस्त कमी असेल किंवा पिकाला पाण्याचा ताण बसला तर दाण्यात ओडॅप वाढतो. मग दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून 'रतन' आणि रायपूरच्या कृषी विद्यापीठातून 'प्रतीक', 'महातिवडा' असे वाण आले. त्यांच्यात ओडॅपचं प्रमाण एक दशांश टक्क्याच्या खाली आणलेलं होतं. इकडे नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं लढत राहिले. त्यांचं सगळंच म्हणणं मला पटतं असं नाही. पण गरिबाच्या डाळीसाठी इतकी वर्षं कुणी सरकारी दारं ठोठावली, हे विदर्भाने विसरू नये.

म्हणजे काय, तर डाळ चांगली की वाईट, या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. किती खाल्ली, कशी शिजवली, सोबत काय होतं, किती दिवस, कोणत्या जमिनीतली, कोणत्या बियाण्याची, असं विचारल्यावरच उत्तर मिळालं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की जे प्रश्न आपण लाखोरीला विचारले, तेच औषधी म्हणून मिरवणाऱ्या प्रत्येक वनस्पतीला विचारा. नुकसान सिद्ध करायला जेवढा पुरावा मागितला, तेवढाच फायदा सिद्ध करायलाही मागा.

मी तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे गावाकडून मोबाईल पुढे करून विचारणारे बरेच. "सर, हे तरोट्याचं खरं हाय का जी? साखर मुळासकट जाते म्हणतेत." तरोटा म्हणजे टाकळा. खाली लिहिलेलं असतं, 'शास्त्रज्ञांनीही मान्य केलं'. विचारणाऱ्याचा काही दोष नाही. पण शास्त्रज्ञांनी नेमकं काय केलेलं असतं, ते कुणी त्याला सांगत नाही.

बहुतेकदा असं असतं: पानं सावलीत वाळवली, पूड केली, मिथेनॉल या अल्कोहोलमध्ये भिजवली, मिथेनॉल उडवून लावलं, तळाला चिकट अर्क उरला. तो जांभळ्या रंगाच्या एका रसायनात टाकला, जांभळा रंग जाऊन पिवळा झाला, म्हणून 'अँटिऑक्सिडंट'. काचेच्या बशीत जंतू वाढवले, अर्काच्या थेंबाभोवती मोकळं वर्तुळ दिसलं, म्हणून 'जंतुनाशक'. हे प्रयोग खोटे नाहीत, मी स्वतः विद्यार्थ्यांना त्यांचं तत्त्व शिकवतो. पण आपल्या घरात तरोट्याची भाजी मिथेनॉलमध्ये शिजत नाही. पावसाळ्यातली कोवळी पानं आपण उकडून, पिळून, लसूण-मिरचीच्या फोडणीत टाकतो. पिळलेल्या पाण्याबरोबर काय गेलं आणि भाजीत काय उरलं? तपासायचं तर ते तपासा ना!

उंदरांवरच्या प्रयोगाचंही तसंच. समजा, मोठ्या उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला आणि त्याची साखर उतरली. माणसासाठी हा आकडा बसवताना साधारण सहाने भागतात. साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन ग्रॅम अर्क लागेल. वाळल्या पानांचा दहावा हिस्सा अर्क निघतो असं धरलं, तर वीस ग्रॅम वाळली पानं, म्हणजे शंभर-सव्वाशे ग्रॅम हिरवी, तीही रोज, बाराही महिने. आणि तरोट्यात अँथ्राक्विनोन वर्गाचे पदार्थ असतात, ते पोट ढिलं करतात. श्रावणात आठवड्यातून दोनदा खाल्लेली भाजी वेगळी आणि हे वेगळं. गोळ्या बंद करून कुणी याच्या भरवशावर राहिलं तर त्याच्या किडनीचं, डोळ्यांचं काय होईल, या विचाराने मला खरंच झोप लागत नाही.

हळदीचं उदाहरण घ्या. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा मला अभिमान आहे. १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं आणि आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ, जुने शोधनिबंध पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे प्रमुख असतानाची ही लढाई प्रत्येक शाळेत शिकवावी अशी आहे. पण पेटंट रद्द झालं ते 'ही माहिती नवी नाही' म्हणून. हळद कॅन्सर बरा करते, हे काही त्याने सिद्ध होत नाही. हळदीतला मुख्य पिवळा पदार्थ, कर्क्युमिन, पोटातून रक्तात फार कमी उतरतं. शिवाय ते स्वतःच चमकतं आणि चाचणीतल्या प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे काचेच्या नळीतल्या कितीतरी चाचण्यांमध्ये ते खोटा होकार देतं. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात याचा सविस्तर आढावा आला. शंभराहून अधिक मानवी चाचण्या होऊनही ठोस, निर्विवाद यश हाती नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. वायगावच्या शेतकऱ्याला चांगला भाव मिळावा तो हळद उत्तम आहे म्हणून. त्यासाठी कुणा आजारी माणसाला खोटी आशा दाखवायची गरज नाही.

आणि गुळवेल. कोरोनाच्या काळात आपल्या गावागावांत कडुनिंबावरच्या वेली सोलून काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. तिच्यासारखीच दिसणारी दुसऱ्या जातीची वेल असावी, असं म्हटलं. माझा प्रश्न असा: शिकल्यासवरल्या लोकांचाच वेलीच्या ओळखीवर वाद होत असेल, तर धुऱ्यावरची वेल तोडणाऱ्या आपल्या माणसाने काय करावं? एवढं तरी त्याला आपल्या भाषेत, ग्रामपंचायतीच्या फलकावर सांगायला हवं होतं की यकृताचा किंवा शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार असेल तर ती घेऊ नये.

मला राग येतो तो दुसऱ्या एका गोष्टीचा. संशोधक गावात येतात, म्हाताऱ्या माणसांना विचारून पानं, मुळ्या, साली पिशव्यांत भरून नेतात. प्रबंध होतो, पदवी मिळते, शेवटच्या पानावर 'पुढील संशोधनाची गरज आहे' असं लिहिलं जातं. ज्या म्हातारीने रानात नेऊन झाड दाखवलं, तिला त्यातलं काय खरं निघालं हे सांगायला कुणी परत येत नाही.

आपल्याकडे अकोल्याचं कृषी विद्यापीठ आहे, साकोली आणि सिंदेवाहीला त्याची संशोधन केंद्रं आहेत, सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय आहे. लाखोरीपुरतं तरी एक काम याच मातीत व्हावं. तालुक्यातालुक्यातलं घरचं बियाणं घ्यावं, त्यातला ओडॅप मोजावा आणि आकडा त्या शेतकऱ्याच्या हातात द्यावा. कमी विषाचा वाण एकदा वाटून भागत नाही. मधमाश्या शेजारच्या बांधीतलं पराग आणतात आणि दोन-चार हंगामांत बियाणं मिसळतं. म्हणून ही मोजणी वरचेवर व्हायला हवी.

तोवर ज्यांच्या घरी लाखोरी शिजते त्यांनी खाली लिहा: डाळ किती वेळ भिजवता, गरम पाण्यात की गार, ते पाणी ओतून देता की त्यातच शिजवता, वड्यांसाठी वाटण्याआधी वेगळं काही करता का. आईला, आजीला विचारून लिहा, गावाचं नाव टाका. उत्तरं जमली की ती एकत्र करून मी साकोलीच्या केंद्रात नेऊन देतो आणि तिथून जे कळेल ते इथेच लिहितो.