टॉवर चढा, मॅप उघडा, आयकॉन पुसा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ओपन-वर्ल्ड, म्हणजे मोठ्या जगात मोकळं फिरायचे व्हिडिओ गेम एकाच साच्यातले झालेत, या माझ्या लेखावर एवढं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं असं: हिंजवडीहून रात्री नऊला घरी पोचलेल्या माणसाला तासभर डोकं बाजूला ठेवून गेममधल्या आउटपोस्ट (शत्रूच्या चौक्या) जिंकायला आवडत असेल तर बिघडलं कुठं? आणि या साच्याचं माहेरघर असलेल्या यूबीसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ 2008पासून आपल्या पुण्यात असताना मी ‘साचा’ म्हणून इथल्याच मुलांच्या मेहनतीला नावं ठेवली.

पहिल्या मुद्द्यावर भांडण नाहीच. तेच ते करण्यातही सुख असतं. ‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (2017) 120 श्राइन (कोड्यांची छोटी देवळं) आहेत, तरी मला कंटाळा आला नाही. मला खटकतं ते उत्तर आधीच हातात देणं. ‘फार क्राय 3’मध्ये (2012) रेडिओ टॉवर चढलात की मॅप उघडतो, आयकॉन उमटतात आणि झिपलाइनवरून खाली येईस्तोवर पुढचा सगळा कार्यक्रम ठरलेला असतो. झेल्डातही टॉवरच आहेत. पण तिथं मॅपवर नुसते डोंगर, नद्या आणि नावं दिसतात. जायचं कुठं, ते वर उभं राहून दुर्बिणीतून न्याहाळायचं, आपल्या खुणा आपणच करायच्या. एखादा डोंगर विचित्र दिसला म्हणून तिकडं निघायचं आणि वाटेत भलतंच काही सापडायचं!

दुसरा मुद्दा मात्र मनाला लागला. कुणीतरी दिवसचे दिवस खपून एका गल्लीतल्या खिडक्या, फरशा, दोरीवरचे कपडे घडवतं, आणि खेळणारा कोपऱ्यातल्या मिनिमॅपवरचा ठिपका बघत तिथून धावत सुटतो. त्या मेहनतीवर पाणी पडतं ते इथं. ‘विचर 3’मधला स्केलिगे बेटांभोवतीचा समुद्र आठवा. मॅपवर प्रश्नचिन्हांनी भरलेला. होडी हाकत एकेक गाठायचं, सायरन नावाच्या उडत्या राक्षसिणी मारायच्या, आणि बहुतेक ठिकाणी हाती तोच चोरट्या व्यापाऱ्यांचा माल. तेवढ्या वेळात त्या बेटांवरची गावं बघायची राहून जातात, आणि ती फार सुंदर आहेत.

‘मग मार्कर (वाट दाखवणाऱ्या खुणा) बंद करून खेळा’ असंही तुम्ही म्हणता. पण पात्रांच्या बोलण्यात वाटच सांगितलेली नसेल, तर माणूस नुसता भरकटतो. ‘असॅसिन्स क्रीड ओडिसी’त (2018) यूबीसॉफ्टनंच एक्सप्लोरेशन मोड दिला. अमुक प्रांतात, तमुक ठिकाणाच्या दक्षिणेला, एवढं कळतं. मग गरुड उडवून आपण शोधायचं. म्हणजे साच्याच्या माहेरघरीसुद्धा हे जमतं! तो मोड लावून नऊनंतरचा तास खेळून बघा. तरीही थकवाच आला तर जरूर कळवा, त्यावर मला मनापासून बोलायचंय.