नागपूरची हवा 'समाधानकारक', असं म्हणे

थंडी पडली की सोसायट्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो: प्रदूषण ही दिल्लीची भानगड, तिकडे पराली, म्हणजे भात कापल्यावर शेतात उरलेले खुंट, जळते म्हणून. आपलं नागपूर हिरवं, हवेचा निर्देशांक 'समाधानकारक'. थोडी धूळ असलीच तर रस्त्याची. आणि कोराडीच्या कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमण्यांना फिल्टर आहेत.

पराली जळते ती साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. जानेवारीत पंजाबात गहू उभा असतो, तरी दिल्ली खोकतेच. चुलीतली लाकडं-गोवऱ्या, कोळसा, वाहनं, वीटभट्ट्या, जळता कचरा हे देशभरातले बारमाही स्रोत आहेत, विदर्भातही. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मानकांत न बसणाऱ्या शहरांची जी यादी आहे, तिच्यात नागपूर आहे बाप्पा.

'समाधानकारक' म्हणजे निर्देशांक ५१ ते १००. शंभराला पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांचं, प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असतं. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा आहे १५. चौपट झालं तरी आपलं समाधान!

धुळीचं खरं आहे. सिमेंट रस्त्यांच्या कडेला ती दिसतेच. पण ती बहुतांशी जाड. फुप्फुसात खोल उतरणारे बारीक कण मुख्यतः जळण्यातून येतात, आणि टँकरनं पाणी मारून ते खाली बसत नाहीत.

राहिला फिल्टर. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख. चिमणीआधी ईएसपी नावाची यंत्रणा विजेच्या भारानं उडती राख धरते, चांगली धरते. धरलेली राख पाण्यासोबत बंधाऱ्यात जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राखेचा खसाळ्याचा बंधारा फुटला, तेव्हा ती कुठे जाते ते सगळ्यांनी पाहिलं. सल्फर डायऑक्साइड मात्र वायू. तो ईएसपीतून आरामात निघतो, हवेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात. त्याला चुनखडीनं धुणारी वेगळी यंत्रणा लागते, एफजीडी. देशातल्या औष्णिक केंद्रांसाठी सल्फरची मर्यादा डिसेंबर २०१५ मध्ये ठरली, मुदत दोन वर्षांची. मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्या मर्यादेतून सूटच.

तेव्हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं सांगावं: फिल्टर कोणता, राखेचा की सल्फरचा?