वरूनच येतंय

माझ्या बाथरूममधल्या गळती सांगणाऱ्या सेन्सरचं म्हणणं पुरावा म्हणून धरता येणार नाही, असा ठराव आमच्या सोसायटीच्या कमिटीनं परवाच्या रविवारी मंजूर केला. सूचक खालच्या मजल्यावरचे अण्णा, अनुमोदक अण्णांचे मेव्हणे. रंगकामाचा खर्च माझा.

अण्णांच्या बाथरूमच्या छताला ओल आली. त्यांनी प्लंबर आणला. त्यानं ओलीवर अंगठा दाबला, अंगठ्याचा वास घेतला आणि निदान केलं, 'वरूनच येतंय.' अहो, पाणी वरूनच येणार ना! खालून वर चढवायला सोसायटीनं पंप बसवलाय, तोसुद्धा निम्मा वेळ बंद असतो. पण अंगठा ग्राह्य धरला गेला. फरशी पुसण्याची वेळ सोडता महिनाभराचा कोरडा ठणठणीत आलेख मी मोबाइलवर दाखवला, तर सेक्रेटरी म्हणाले, 'प्रिंट काढून आणा, खाली सही पाहिजे.' कुणाची सही? 'ज्यानं मोजलं त्याची.'

आता हे मोजणारं प्रकरण म्हणजे पेढ्याएवढी एक चकती. पोटाला धातूचे दोन ठिपके. दोन्हींना एकदम पाणी लागलं की त्यातून वीज वाहते आणि चकती झिगबी नावाच्या रेडिओवरून ओरडते. घरात रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर होतंच. ते ओरडणं ऐकायला त्यात एक डोंगल, म्हणजे पेनड्राइव्हसारखा रेडिओचा कान, खोचायचा, चकतीचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं, की झाली जोडणी. खोक्यावर तरी असंच लिहिलं होतं.

मी बनियनवर, वॉशिंग मशीनच्या मागे आडवा. गाल फरशीला, एक हात मशीनखाली. तेवढ्यात अण्णा 'पाहणीसाठी' आले आणि बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसले. खुर्ची माझीच. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे पुण्यातल्या कुठल्याही पाण्यावर त्यांचा अधिकार पोचतो.

'हे पाणी यायच्या आधी सांगणार, की आल्यावर?'

'आल्यावर, अण्णा.'

'आल्यावर मलाही कळतं. डोक्यावर पडतं.'

'निदान लवकर कळेल.'

'लवकर कळून काय होतं? १२ जुलै १९६१. पानशेतच्या भिंतीवर जवान वाळूची पोती टाकत होते. त्यांना काय कळलं नव्हतं?'

'तरी फुटलंच की.'

'तेच म्हणतोय मी. कळूनही फुटलं. तिथे तुमची ही टिकली काय करणार होती?'

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. अण्णा त्या पुराच्या वेळी सहा वर्षांचे होते, पण सांगतात असं, की खडकवासल्याचं पाणी त्यांना विचारूनच पुढे गेलं.

चकती जोडली जाईना. बटण दाबून दाबून अंगठ्याला खळगा पडला. अण्णांनी चहा मागवला. (आमच्याकडूनच.) 'प्लंबरचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला होता,' असंही सुनावून झालं. शेवटी गोम कळली. डोंगल थेट यूएसबी ३च्या खाचेत होता, आणि त्या खाचेतून निघणारा रेडिओलहरींचा गोंगाट नेमका झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतो. चकती बिचारी ओरडत होती, ऐकणाऱ्याच्याच कानाशी ढोल वाजत होता. डोंगलला यूएसबीची साधी एक्स्टेन्शन केबल लावून तो लांब केला आणि दिवा लुकलुकला. ती केबल या डोंगलच्या खोक्यात का दिली नव्हती? पसाभर कागद दिले, अठरा भाषांतली सुरक्षेची सूचना दिली, केबल तेवढी आपण लक्ष्मी रोडच्या गर्दीतून आणायची.

आणि खरं दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे. डक्टमधल्या सामाईक पाइपच्या सांध्यातून पिंपळ उगवलाय. माझ्या खिडकीतून हात घातला तर पान हाताला लागतं, चांगलं तळहाताएवढं झालंय. सांध्याखालची भिंत अण्णांच्या मजल्यापर्यंत हिरवी आहे. पण तो पाइप दुरुस्त करायचा तर खर्च सगळ्या फ्लॅटवर विभागावा लागतो. ओल माझी ठरली की माझ्या एकट्यावर. मीटिंगमध्ये मी पिंपळाचा फोटो दाखवला, तेव्हा चेअरमन म्हणाले, 'पिंपळ तोडू नये, घराला बरं नसतं.' लगेच पुढचा विषय, पार्किंग.

सेन्सर मात्र इमानी आहे. सकाळी मावशींनी ओलं फडकं फिरवलं, की ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा खिसा किंचाळतो, 'पाणी! बाथरूम!' 'इशारा आमच्याही मोबाइलवर आला पाहिजे,' असा अण्णांचा हट्ट होता. दिला जोडून. मला वाटलं, माणूस खात्री करून घेईल.

ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन.

'अहो, तुमचं ते वाजलं आत्ता.'

'अण्णा, तुमच्या मते ते भरवशाचं नाही ना?'

'तो विषय वेगळा. मावशींची फरशी झाली असेल तर चहा पाजत बसू नका, खाली पाठवा. काल पण त्या वाजल्यावर वीस मिनिटांनी आल्या.'