२५५ लिटरचा पंप टाकला म्हणून जुन्या गाडीची ताकद वाढत नाही

नवतपा (मेअखेरचे सर्वात तापलेले नऊ दिवस) जवळ आला की नागपुरात जुन्या स्पोर्टी गाड्या बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. "२५५ लिटरचा फ्युएल पंप टाका. पॉवर वाढते, उन्हात गाडी बंद पडत नाही, ई-२० चा त्रास संपतो. कंपनीच्या वायरिंगवरच चालतो, फ्यूज उडाला तर मोठा टाका. कार्ब्युरेटरच्या गाडीलाही चालतो. अर्ध्या तासाचं काम." (२५५ लिटरचा म्हणजे तासाला एवढं पेट्रोल ढकलू शकणारा पंप, आणि ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.) यातला पॉवरचा दावा फार तर अर्धा खरा आहे. बाकीचे चुकीचे आहेत आणि फ्यूजचा सल्ला तर गाडीला आग लावू शकतो. म्हणून आधी तोच घेऊ.

"फ्यूज उडाला तर मोठा टाका"

फ्यूज असतो तो वायर वाचवायला. जुन्या इंजेक्शन गाडीचा मूळ पंप साधारण ४-५ अँपिअर ओढतो. २५५ चा पंप ३ बार प्रेशरला ८-९ ओढतो, आणि टर्बो गाडीत प्रेशर चढलं की त्याहूनही जास्त. पंप धड असेल तर १५ अँपिअरचा फ्यूज एवढं सहज झेलतो. तरीही तो उडत असेल, तर फिल्टर तुंबलाय, पंप आतून अडकतोय किंवा वायर कुठेतरी पत्र्याला घासली आहे. अशा वेळी ३० चा फ्यूज बसवला की पुढची कमजोर कडी ती वायरच. आणि ती जाते गालिच्याखालून, थेट पेट्रोलच्या टाकीपर्यंत.

"कंपनीच्या वायरिंगवरच चालतो"

चालतो, पण पूर्ण ताकदीने चालत नाही. पुढून टाकीपर्यंत ५ मीटर वायर धरा, जाडी १ चौरस मिलिमीटर. ९ अँपिअरला एवढ्या तारेतच पाऊण व्होल्ट जातो. त्यात वीस वर्षांचे कनेक्टर, रिलेचे (पंपाला करंट देणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे) काळवंडलेले पॉइंट आणि गंजलेला अर्थ, म्हणजे बॉडीला जोडलेली मायनस वायर, मिळवा. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना पंपाला १२ किंवा त्याहून कमीच मिळतात. पंपाच्या डब्यावरचा लिटरचा आकडा मात्र बहुधा १३.५ व्होल्टचा असतो. म्हणजे पैसे २५५ चे मोजायचे आणि माल त्याहून बराच कमी घ्यायचा.

तपासणी सोपी आहे. इंजिन चालू ठेवून पंपाच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावा, मग बॅटरीवर लावा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर पंपाला वेगळा रिले द्या. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज बसवा. तिथून अडीच किंवा चार एमएमची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला आणा आणि ८७ वरून पंपाला न्या. पंपाची मूळ वायर ८५-८६ च्या कॉइलला जोडा, म्हणजे इंजिन बंद पडलं की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पूर्वीसारखाच पंप बंद करेल. हा भाग टाळून पंप थेट चावीवर जोडणारे आहेत. अपघातात नळी तुटली तर असा पंप पेट्रोल ओततच राहतो. अर्थही वेगळा घ्या, टाकीजवळ रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर. घरच्या फिटिंगची वायर वापरू नका, उष्णता सोसणारी गाडीचीच घ्या. अडीच एमएमला हीच घट ०.३ व्होल्टवर येते, चारला ०.२ वर.

"पॉवर वाढते"

इंजिनात किती पेट्रोल जायचं ते इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो यावर ठरतं, आणि ती वेळ ईसीयू देतो. पंपाचं काम एवढंच की रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीत, प्रेशर टिकवायचं. जास्तीचं पेट्रोल रेग्युलेटर रिटर्न लाइनने टाकीत परत पाठवतो.

हिशेब करून बघा. फुल रेसवर साध्या पेट्रोल इंजिनाला १०० अश्वशक्तीमागे तासाला साधारण ३० लिटर लागतं, टर्बोला ३६-३७. १५० अश्वशक्तीच्या १.८ टर्बो स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला ५५ लिटर धरा, ई-२० साठी ८-९ टक्के वाढवा, वर २० टक्के राखीव ठेवा, तरी आकडा ७२ च्या आसपास थांबतो. तब्येत चांगली असलेला मूळ पंप एवढं देतो. समृद्धीवर १२० ने सलग जाताना तर याचा एक तुकडाच लागतो.

दाव्यातला खरा भाग असा: टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) वाढवून, मॅप (ईसीयूमधलं पेट्रोलचं गणित) बदलून गाडी २३० अश्वशक्तीवर नेली तर गरज ११० लिटरच्या जवळ जाते. तिथे मोठा पंप हवाच. पण ती ताकद बूस्ट आणि मॅपची असते, आणि इंजेक्टर बहुतेक वेळा पंपाच्या आधीच अपुरे पडतात. यालाही १९० लिटरचा चांगला पंप पुरतो.

गरज नसताना मोठा पंप बसवला, तर जुनी अरुंद रिटर्न लाइन एवढं पेट्रोल परत नेऊ शकत नाही. ३ बारच्या रेग्युलेटरवर व्हॅक्यूमची नळी काढली की गेजवर ३ दिसायला हवेत आणि नळी लावली की २.५ च्या आसपास. नळी लावूनही काटा ३ च्या वरच राहिला, तर आयडलला पेट्रोल जास्त जातंय. पुढे प्लग काळे पडतात, अ‍ॅव्हरेज घसरतो.

"उन्हात गाडी बंद पडत नाही"

नागपूरसाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि इथे हा मजकूर उलटं सांगतो. व्हरायटी चौकात आयडलला उभी गाडी तासाला एक-दीड लिटर पेट्रोल जाळते. २५५ चा पंप उरलेलं सगळं तापलेल्या इंजिनावरून फिरवून टाकीत परत टाकतो. ४५ लिटरची टाकी तासाभरात पाच वेळा इंजिनाला प्रदक्षिणा घालून येते. बाहेर ४५ अंश, खाली तापलेला डांबरी रस्ता आणि टाकीत पाव भाग पेट्रोल असेल, तर पेट्रोल तापत जातं आणि त्याच पेट्रोलात बुडून गार राहणारा पंपही तापतो. (ज्या गाडीत रेग्युलेटर टाकीतच असतो तिथे ही फेरी होत नाही.) उन्हाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ न देणं हा फुकटचा आणि खात्रीचा उपाय आहे.

मग गाडी उन्हात सुरू का होत नाही? हिंगण्याला कंपनीच्या पार्किंगमध्ये दुपारभर उभी राहिलेली नव्वदीतल्या घडणीची होंडा घ्या. सेल्फ जोरात फिरतो, इंजिन पकडत नाही. चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद येणारा पंपाचा बारीक घूं आवाज येतो का ते कान देऊन ऐका. येत नसेल तर डॅशबोर्डखालचा मेन रिले काढून उघडा. पिनांभोवतीच्या शिश्याच्या डाखावर केसासारखी गोल चीर दिसते, भिंग लावलं तर स्पष्टच. उष्णतेने ती फाकते, काचा उघडून गाडी गार झाली की पुन्हा टेकते आणि गाडी सुरू होते. पुन्हा डाख दिला की काम झालं.

आवाज येतो पण सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, असं असेल तर चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा. लगेच सुरू झाली तर प्रेशर गळतंय: पंपातला चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे येऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर. यातला चेक व्हॉल्व्ह गेला असेल तरच पंप बदलायचा, तोही मूळ मापाचा.

"कार्ब्युरेटरच्या गाडीलाही चालतो"

अजिबात नाही. कॉन्टेसा, ११८ एनई अशा जुन्या गाड्यांच्या कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास प्रेशर लागतं. इंजेक्शनचा पंप ३ बारने ढकलतो, पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई उचलली जाते आणि पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडतं.

"ई-२० चा त्रास संपतो"

ई-२० ला पेट्रोल थोडं जास्त लागतं, ते वरच्या हिशेबात आलंच. खरा त्रास नळ्यांचा आणि रबराचा आहे. बाहेरच्या नळीवर एसएई जे३० आर९ असा शिक्का बघा. टाकीच्या आत, पेट्रोलात बुडणाऱ्या तुकड्याला आर१० च हवी. आर९ चं बाहेरचं आवरण बुडवून ठेवण्यासाठी नसतं. ते फुगतं, चिरतं, आणि नवा पंप टाकीतच गळू लागतो. मग प्रेशर कमी दिसतं आणि दोष पंपाला जातो.

"अर्ध्या तासाचं काम"

सकाळी लवकर, उघड्या जागेत, आग विझवायचं सिलिंडर जवळ ठेवून निवांत दोन-तीन तास द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यावर हे काम नको. पंपाचा फ्यूज काढून गाडी बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. टाकीच्या तोंडाशी पंप धरून ठेवणारी लॉक रिंग पितळेच्या सळईने ठोका, लोखंडी छिन्नीने ठिणगी उडते. तिच्याखालची रबरी ओ-रिंग नवीच घाला, जुनी फुगलेली असते आणि पुन्हा नीट बसत नाही. पंपाची जाळी टाकीच्या तळाला टेकायला हवी, आणि फ्लोटचा दांडा तिला अडता कामा नये. प्लस-मायनस उलटे लागले तर पंप फिरतो पण प्रेशर येत नाही.

हे सगळं करण्याआधी मूळ पंप खरंच थकलाय का ते मोजा. फिल्टर नवा टाका, गाडी गार असताना रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढा, रिटर्न लाइन मापाच्या कॅनमध्ये सोडा आणि आयडलला ३० सेकंद धरा. ५०० मिली आलं तर तासाला ६० लिटर होतात, साध्या १०० अश्वशक्तीच्या गाडीला भरपूर. १५० च्या टर्बोला ६५०-७०० मिली हवं. कमी आलं तर पंपाच्या कनेक्टरवर व्होल्ट बघा. व्होल्ट पुरेसे असूनही माप भरत नसेल, तेव्हा पंप विकत घ्या.